दोन काठ्यांची चाल: मुंबईत नॉर्डिक वॉकिंग कसे शिकावे

दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती सकाळी सहाच्या सुमारास कोणी दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालताना दिसले, की बघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पायाच्या दुखण्याचा. मलाही पहिल्या महिन्यात हा प्रश्न अनेकांनी आपुलकीने विचारला. माझ्या सासूबाईंना मी काठ्या देऊ केल्या तेव्हा तर त्यांनी, "अगं, मला अजून काठी लागत नाही," असे म्हणून त्या माझ्याच हातात परत दिल्या. त्यांचे वय तेव्हा अडुसष्ट होते आणि त्या रोज दोन फेऱ्या चालत होत्या, त्यामुळे त्यांचे म्हणणे खरेच होते.

आपल्याकडे काठी म्हटले की आधार आणि उतारवय एवढेच डोळ्यांसमोर येते. नॉर्डिक वॉकिंगमधल्या काठीचे काम मात्र वेगळे आहे. ती पुढे टेकून तिच्यावर भार टाकायचा नसतो, तर ती मागच्या बाजूला तिरपी रोवून जमीन मागे रेटायची असते आणि त्या रेट्याने शरीर पुढे न्यायचे असते. हे एकदा नीट कळले की बाकीचे तंत्र बऱ्याच अंशी आपोआप जुळत जाते. ते कळले नाही, तर महागातल्या काठ्या घेऊनही व्यायाम साध्या चालण्याइतकाच होतो. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्यातला मोठा भाग काठी कशी धरावी, कधी सोडावी आणि कोठे रोवावी यावर आहे.

हा प्रकार मूळचा फिनलंडचा. बर्फावर लांब अंतराचे स्कीइंग करणारे खेळाडू उन्हाळ्यात बर्फ नसताना सराव चुकू नये म्हणून स्कीच्या काठ्या घेऊन जंगलातून चालत आणि धावत असत. त्याच सरावातून सर्वसामान्यांसाठीचा व्यायाम आकाराला आला. १९९७ मध्ये एक्सेल या फिनिश कंपनीने खास चालण्यासाठी बनवलेल्या काठ्या बाजारात आणल्या आणि २००० मध्ये आंतरराष्ट्रीय नॉर्डिक वॉकिंग संघटनेची स्थापना झाली. फिनिश भाषेत या व्यायामाला 'सौवाकॅवेली' म्हणतात. त्यात 'सौवा' म्हणजे काठी आणि 'कॅवेली' म्हणजे चालणे.

काठ्यांनी नेमका फरक काय पडतो

साध्या चालण्यात काम मुख्यतः कमरेखालच्या स्नायूंचे असते. काठ्या मागे रेटताना दंडाचा मागचा भाग, खांदे, छाती, पाठीचा रुंद स्नायू आणि पोटाचे स्नायूही कामाला लागतात, त्यामुळे त्याच वेगाने चालूनही शरीराला जास्त ऊर्जा खर्च करावी लागते. अमेरिकेतील डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ जणांना एकाच वेगाने काठ्यांशिवाय आणि काठ्यांसह चालायला लावले होते. काठ्यांसह चालताना प्राणवायूचा वापर आणि ऊर्जेचा खर्च सरासरी २० टक्क्यांनी वाढला, मात्र चालणाऱ्यांना स्वतःला श्रम तेवढे वाढल्यासारखे वाटले नाहीत. ज्यांना धावणे झेपत नाही आणि नुसते चालणे आता पुरेसे वाटत नाही, अशा माणसांसाठी मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. त्याच अभ्यासात व्यक्तीव्यक्तीतला फरकही मोठा होता: कोणाचा खर्च जेमतेम वाढला, तर कोणाचा कितीतरी अधिक. जो जोर लावून रेटतो त्याला लाभ होतो आणि जो काठ्या नुसत्या हलवतो त्याला होत नाही, असे मी माझ्या भोवतालच्या माणसांमध्येही पाहिले आहे.

हृदयविकाराच्या रुग्णांवर कॅनडातील ओटावा येथे झालेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही येथे सांगण्यासारखा आहे. १३० रुग्णांचे तीन गट करून त्यांना बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम दिला गेला. एका गटाला तीव्र व्यायाम थांबून थांबून, दुसऱ्याला मध्यम पण सलग व्यायाम आणि तिसऱ्याला नॉर्डिक वॉकिंग. सहा मिनिटांत किती अंतर चालता येते या चाचणीत सर्वांत जास्त सुधारणा नॉर्डिक वॉकिंगच्या गटात दिसली.

गुडघ्यांबद्दल मात्र सांभाळून बोलायला हवे. काठ्यांमुळे गुडघ्यावरचा भार हमखास कमी होतो असे जाहिरातींत सर्रास लिहिलेले असते. उतारावर काठ्यांचा असा उपयोग होतो हे खरे आहे, परंतु सपाट जमिनीवर केलेल्या मोजमापांत हा फायदा सातत्याने दिसलेला नाही, कारण काठ्या हातात आल्या की माणूस पाऊल लांब टाकतो आणि टाच जोरात आपटते. गुडघे दुखत असतील तर पाऊल मुद्दाम आखूड ठेवावे आणि वेग वाढवण्याची घाई करू नये.

छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब, आखडलेला खांदा किंवा मनगटात मुंग्या येण्याचा त्रास असल्यास सुरुवातीपूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. मधुमेह असलेल्यांनी चालून आल्यावर रोज तळपाय आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात.

काठी निवडताना

मुंबईत ट्रेकिंगचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ज्या काठ्या सहज मिळतात त्या सह्याद्रीत चढउतार करण्यासाठीच्या असतात. मीही पहिल्यांदा तीच जोडी आणली आणि दोन आठवड्यांत माझी दोन्ही मनगटे दुखू लागली. चूक काठीची नव्हती. ट्रेकिंगच्या काठीची मूठ जाड आणि तिचा पट्टा म्हणजे साधा फास असतो, कारण ती पुढे टेकून, घट्ट धरून तिच्यावर वजन टाकण्यासाठी बनवलेली असते. नॉर्डिक काठीची मूठ बारीक असते आणि पट्टा अर्ध्या हातमोज्यासारखा असतो. त्यात अंगठ्यासाठी वेगळे भोक असते आणि तो मनगटाभोवती वेल्क्रोने बसतो. हात पूर्ण उघडला तरी काठी तळव्याजवळच राहते आणि रेटा बोटांतून न जाता पट्ट्यातून जातो. घरात ट्रेकिंगची जोडी असेल तर पहिले काही दिवस लय शिकण्यासाठी ती चालेल, पण व्यायाम सुरू ठेवायचा असे ठरले की पट्टा असलेली खरी नॉर्डिक जोडी घ्यावी. पट्ट्यांवर डावा आणि उजवा अशी खूण असते, ती पाहूनच ते हातात चढवावेत.

लांबीसाठी सोपे गणित असे की आपली उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन तिला ०.६८ ने गुणावे. १५५ सेंटीमीटर उंचीला उत्तर सुमारे १०५ येते आणि १६८ सेंटीमीटरला सुमारे ११४. एकसंध काठ्या बहुधा पाच पाच सेंटीमीटरच्या फरकाने मिळतात. उत्तर दोन मापांच्या मध्ये आले तर नवशिक्याने आखूड माप घ्यावे, कारण लांब काठीने खांदे वर चढतात आणि मान अवघडते. गणितानंतर प्रत्यक्ष पडताळाही घ्यावा. चालायचे बूट घालून सरळ उभे राहावे, काठी शरीराशेजारी उभी धरावी आणि कोपराचा कोन पाहावा. तो काटकोन किंवा त्याहून किंचित मोकळा असायला हवा.

एकसंध काठी की लांबी कमीजास्त होणारी, हा प्रश्न मुंबईत प्रवासाशी जोडलेला आहे. एकसंध काठी हलकी असते आणि कमी थरथरते. ज्यांचे मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे त्यांनी तीच घ्यावी. ज्यांना लोकलने किंवा बसने जायचे आहे त्यांना मात्र सरकवून आखूड होणारी किंवा तीन भागांत घडी होणारी काठीच सोयीची, कारण सकाळच्या गर्दीत सव्वा मीटरची दोन टोके सांभाळणे आपल्यालाही कठीण आणि शेजारच्यालाही धोक्याचे. सरकणारी काठी असेल तर रोज चालण्यापूर्वी तिच्यावर हाताने एकदा भार देऊन ती आत घसरत नाही ना, हे पाहून घ्यावे.

काठीच्या खालच्या टोकाला कठीण धातूची अणी असते आणि तिच्यावर रबराचे छोटे बूट चढवता येतात. माती, गवत आणि ओल्या वाळूवर नुसती अणी वापरावी. डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकवर रबर चढवावे. हे रबर तिरपे कापलेले असते आणि त्याचा चवडा मागच्या दिशेला यायला हवा. आपल्या पायातल्या बुटाप्रमाणे तो पुढे वळवण्याची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, आणि मग काठी रुतण्याऐवजी सटकत राहते.

पायात लवचीक तळाचे, टाचेकडे थोडी गोलाई असलेले चालण्याचे बूट असावेत. चपला आणि सँडलवर हा व्यायाम करू नये.

शिकण्याचा क्रम

शिकण्यासाठी सुमारे शंभर मीटरचा सपाट, मोकळा पट्टा पुरतो. मैदानाची कडा, सोसायटीचे आवार किंवा बागेतली रुंद वाट यांपैकी काहीही चालेल. गर्दीचा फूटपाथ शिकण्याच्या दिवसांत टाळावा.

पहिल्या दिवशी काठ्या घरीच ठेवाव्यात आणि दहा मिनिटे फक्त आपल्या हातांकडे लक्ष देऊन चालावे. मुंबईत सकाळी फिरणाऱ्या बहुतेकांच्या एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात घराची किल्ली असते, त्यामुळे हातांचा झोका कधीच मरून गेलेला असतो. दोन्ही वस्तू कमरेच्या पाऊचमध्ये टाकाव्यात, खांदे खाली सोडावेत आणि हात खांद्यापासून झुलू द्यावेत. उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे, हा क्रम आपल्याला जन्मापासून येतो. पण त्याच्याकडे लक्ष गेले की तो बिघडतो. शाळेच्या कवायतीत एकाच बाजूचा हात आणि पाय उचलणारे एखादे मूल असायचेच, तसेच इथे मोठ्यांचेही होते. गोंधळ झाला तर थांबावे, हात सैल सोडावेत आणि पुन्हा चालायला लागावे.

त्यानंतर काठ्या मधोमध, जिथे त्या तोलल्या जातात तिथे, आडव्या धराव्यात आणि त्याच झोक्याने चालावे. काठ्या जमिनीला समांतर राहून पुढेमागे जात असतील तर झोका ठीक आहे. टोके बाजूला फिरत असतील तर हात शरीरासमोर आडवे जात आहेत, ते सरळ रेषेत आणावेत.

पुढची पायरी ओढण्याची. शिकवताना मी सर्वांत जास्त वेळ याच पायरीवर घालवते. पट्टे हातात चढवावेत, पण मूठ धरू नये. तळवे उघडे ठेवून हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडावेत आणि काठ्या मागे जमिनीवर फरफटत येऊ द्याव्यात. तीस-चाळीस पावलांनंतर काठ्या आपण होऊन विरुद्ध पायाच्या लयीत येतात. येथे हाताने काहीही करायचे नसते, आणि नवशिक्याला नेमके तेच जड जाते. पुढे कधीही लय चुकली तर काठ्या जबरदस्तीने जुळवत बसू नये. मूठ सोडून पुन्हा ओढण्यावर यावे आणि तिथून नव्याने सुरुवात करावी.

ओढता ओढता हात थोडा जास्त पुढे न्यावा, कोणाशी हस्तांदोलन करायला नेतो तितका, म्हणजे सुमारे बेंबीच्या उंचीपर्यंत. त्या क्षणी काठीचे टोक जमिनीत अडकल्याचे जाणवते. ते टोक पुढच्या पायाच्या टाचेच्या मागे आणि मागच्या पायाच्या चवड्याच्या पुढे, दोन पावलांच्या मधल्या जागेत पडायला हवे. काठी नेहमी मागे कललेली असते. ती शरीरासमोर उभी राहिली तर ती गती रोखते, आणि ती हाताचीच चूक समजावी. टोक अडकले की मूठ हलकेच धरावी आणि पट्ट्यावर तळव्याच्या कडेने दाब देत हात खाली आणि मागे न्यावा.

हा रेटा कमरेपाशी थांबवू नये. हात कमरेच्या मागे जाईपर्यंत रेटत राहावे आणि शेवटी बोटे उघडावीत, म्हणजे काठी केवळ पट्ट्याच्या आधाराने मागे राहते. हात पुढे येताना मूठ आपोआप पुन्हा तळव्यात येते. बोटे न उघडता चालल्यास मनगट आणि कोपराच्या बाहेरची बाजू दुखू लागते, खांदे ताठरतात आणि हात मागे पूर्ण जातच नाही. बरेच दिवस माझ्या सासूबाईंची मूठ सुटत नव्हती. मी शब्दांनी सांगत राहिले, त्यांना ते पटत होते, पण हात ऐकत नव्हता. एका सकाळी त्या स्वतःच म्हणाल्या, "देवाला फुलं वाहताना हात सोडतो तसंच ना, फक्त मागे?" आणि त्या फेरीपासून त्यांची बोटे उघडू लागली. तेव्हापासून मी इतरांनाही तेच सांगते.

हात मागे जाऊ लागले की खांदे आणि कंबर एकमेकांविरुद्ध दिशेने हलकेच वळू लागतात आणि पाऊल जरा लांबते. हे वळण मुद्दाम करू नये, ते रेट्यातून येऊ द्यावे. पाय टाचेवर पडावा, तळव्यावरून पुढे लोळावा आणि अंगठ्याने जमीन सोडावी. शरीर घोट्यापासून किंचित पुढे कललेले असावे. कमरेत वाकू नये.

आपले तंत्र बरोबर आहे का, हे आरशाशिवाय आवाजावरून तपासता येते. काँक्रीटवर रबर लावून चालताना विरुद्ध पायाची टाच आणि काठी जवळपास एकाच वेळी टेकायला हवी, म्हणजे प्रत्येक पावलाला एकच जाड 'टप्' ऐकू येतो. 'ट-टप्' असा तुटक आवाज येत असेल तर काठी लवकर किंवा उशिरा पडते आहे. दुसरी खूण दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याची. दंडाच्या मागे, काखेखाली आणि पाठीच्या वरच्या भागात सौम्य ठणका असेल तर योग्य स्नायू कामाला लागले आहेत. मान, मनगट किंवा अंगठा दुखत असेल तर मूठ आवळली जाते आहे किंवा काठी लांब आहे.

पहिले दोन महिने

पहिल्या दोन आठवड्यांत, आठवड्यातून तीन दिवस, वीस ते पंचवीस मिनिटे पुरेत. त्यांतलाही निम्माच वेळ काठ्या वापराव्यात. उरलेला वेळ त्या हातात धरून साधे चालावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अर्धा तास सलग काठ्यांसह चालावे. त्यानंतर आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटांपर्यंत हळूहळू वाढवत न्यावे. असे चार दिवस झाले की आठवड्याची १६० मिनिटे होतात आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली, आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाची मर्यादा पूर्ण होते. वेग ठरवण्यासाठी घड्याळापेक्षा श्वास पाहावा: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. सहाव्या आठवड्यानंतर शिवाजी पार्कच्या एका फेरीत कट्ट्याची एक बाजू जोर लावून आणि बाकीची फेरी सावकाश, असा बदल करून पाहावा. एक फेरी किलोमीटरहून थोडी अधिक भरते, त्यामुळे हिशेब ठेवणेही सोपे जाते.

सुरुवातीची पाच मिनिटे सावकाश चालावे आणि काठ्यांचा आधार घेऊन एकेक पाय पुढेमागे झुलवावा. शेवटी दोन्ही काठ्या समोर उभ्या धरून, गुडघे किंचित वाकवून, कंबर मागे नेत पाठ लांब करावी. याने पाठ आणि खांदे चांगले मोकळे होतात. पोटऱ्या ताणायला विसरू नये, कारण टाच ते अंगठा अशी पूर्ण चाल त्यांना नवी असते.

जागा, ऋतू आणि शहरातल्या अडचणी

नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंतचा मरीन ड्राइव्हचा रुंद फूटपाथ सकाळी साडेसहापूर्वी या व्यायामाला फार चांगला आहे, पण तिथे रबर हवेच. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सच्या परिसरात सावली आहे आणि वर्दळही कमी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता चढउताराच्या सरावासाठी मला सर्वांत आवडतो. चढावर पाऊल आखूड करून शरीर थोडे पुढे घ्यावे आणि काठी नेहमीपेक्षा जोराने रेटावी. उतारावर गुडघे सैल ठेवावेत, काठ्या मागेच राहू द्याव्यात आणि रेटणे थांबवावे. या उद्यानात बिबटे आहेत, म्हणून अंधारात जाऊ नये, एकट्याने आडवाटेला शिरू नये आणि मुख्य रस्ता सोडू नये.

समुद्राची ओली, घट्ट वाळू काठीला उत्तम पकड देते. जुहूला रबर काढून अणीवर चालताना रेटा जसा कळतो तसा फूटपाथवर कधीच कळत नाही. कोरडी भुसभुशीत वाळू मात्र टाळावी. घट्ट पट्टा ओहोटीला मिळतो, आणि ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातला जुना हिशेब येथे अजून उपयोगी पडतो: तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती. तेव्हा किनाऱ्यावर जाऊन उपयोग नाही. पौर्णिमा आणि अमावस्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास येते, म्हणून पहाटे ओहोटी असते आणि चालायला भरपूर जागा मिळते. पावसाळ्यात किनाऱ्यावर डंख करणारे, जेलीफिशसारखे दिसणारे निळे जीव वाहून येतात. त्या दिवसांत अनवाणी चालू नये आणि समुद्र खवळलेला असताना किनाऱ्यावर जाऊच नये.

जून ते सप्टेंबर या काळात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरते आणि रबरही घसरते. अशा वेळी सोसायटीचे पोडियम, इमारतीखालची पार्किंगची मोकळी जागा किंवा उड्डाणपुलाखालचे उद्यान अशी छताखालची जागा शोधावी. ते शक्य नसेल तर ओढण्याचा आणि मूठ सोडण्याचा सराव घराच्या लांब व्हरांड्यातही करता येतो. ऑक्टोबरचे ऊन आणि एप्रिल-मेचा उकाडा यांत साडेसातच्या आत घरी परतावे आणि पाणी जवळ ठेवावे. दोन्ही हात गुंतलेले असल्याने बाटली हातात धरता येत नाही, ती कमरेला किंवा पाठीला लावावी. थंडीत मुंबईची हवा बिघडते; केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर हवेची स्थिती पाहून 'खराब' किंवा त्याहून वाईट असलेल्या दिवशी घरातच हलका व्यायाम करावा.

भटक्या कुत्र्यांविषयी आधीच सावध राहावे. काठी पाहून कुत्री बिथरतात, कारण काठीचा त्यांचा अनुभव मार खाण्याचा असतो. कुत्र्यांचा घोळका दिसला की रेटणे थांबवावे, दोन्ही काठ्या एका हातात उभ्या, शरीराला चिकटवून धराव्यात आणि वेग कमी करून जावे. काठी उगारू नये. रोजच्या वाटेवरची कुत्री आठ-दहा दिवसांत सरावतात.

रस्ता ओलांडताना, जिना किंवा पादचारी पूल चढताना आणि गर्दीतून जाताना हात पट्ट्यांतून काढावेत. पट्टा हातात असताना पडलो तर अंगठा काठीत अडकून त्याच्या मुळाशी दुखापत होते. मागून धावत येणाऱ्यांचाही विचार करावा. काठी मागे तिरपी असल्यामुळे अचानक थांबलो किंवा बाजूला वळलो तर ती त्यांच्या पायात येते. कट्ट्याभोवती चालताना कडेची बाजू धरावी आणि दोघांनी शेजारी शेजारी चालण्याचा मोह गर्दीच्या वेळी टाळावा.

काठ्यांची निगा

किनाऱ्यावरून आल्यावर काठ्या गोड्या पाण्याने धुवाव्यात. सरकणाऱ्या काठीचे भाग वेगळे करून कोरडे झाल्यावरच जोडावेत, नाहीतर खाऱ्या हवेने सांधे धरतात. पट्टे घामाने कडक होतात, ते आठवड्याला एकदा साध्या साबणाने धुवावेत.

रबर झिजत जाते, आणि मुंबईच्या काँक्रीटवर ते लवकर झिजते. 'टप्' ऐवजी धातूचा 'टक्' ऐकू आला की अणी बाहेर आली असे समजून त्याच दिवशी रबर बदलावे. म्हणून एक जादा जोडी पाऊचमध्ये ठेवलेली बरी. जुनी रबरे टाकण्यापूर्वी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. एक दुसऱ्यापेक्षा बरेच जास्त झिजले असेल तर एक हात काम करतो आहे आणि दुसरा नुसता सोबत येतो आहे. सासूबाईंची पहिली जोडी आम्ही अशी जमिनीवर मांडली तेव्हा उजवे रबर सपाट झाले होते आणि डाव्याची कड अजून तशीच होती. त्यानंतर आठवडाभर त्या फेरीच्या सुरुवातीला उजवी काठी माझ्याकडे देत आणि फक्त डाव्या हाताने रेटत शिवाजी पार्कातल्या पुतळ्यापर्यंत जात. दुसरी जोडी जवळपास सारखी झिजली.